थांबगर्भ

उर्मी सासवडेचं बाळ पाच वर्षांचं झालं होतं आणि अजून जन्मलं नव्हतं. खसखशीच्या दाण्याहून लहान, ते तिच्या पोटात निवांत थांबून होतं. ती नोकरीला होती त्या कंपनीच्या वसाहतीत अशा बायका घरोघरी होत्या.

याला थांबगर्भ म्हणत. कल्पना किलीफिशकडून उचललेली. आफ्रिकेतल्या डबक्यांत राहणारा हा मासा डबकं आटलं की मरतो, पण चिखलातली त्याची अंडी मरत नाहीत. आतला जीव आपली वाढ थांबवतो आणि पाण्याची वाट बघतो. शास्त्रज्ञांनी ती थांबण्याची कळ शोधली आणि बाईच्या गर्भाला लावली. परीक्षा होऊ दे, घर होऊ दे. मग जागं करणारं एक इंजेक्शन घेतलं की नऊ महिने सुरू. केवढी सोय! पण दुसऱ्याच्या पैशाने झालेली सोय फार दिवस सोय राहत नाही. कंपनीने थांबण्याचा खर्च उचलला आणि आवळा देऊन कोहळा काढला. बाळ जागं कधी करायचं, ते आता कंपनीच ठरवत होती.

यंदा बाळंतपणाच्या रजेसाठी उर्मीचा नंबर लागला. इंजेक्शन झालं, महिना उलटला, बाळ तसूभर वाढलं नाही.

“जिवंत आहे, पण ऐकत नाही,” डॉक्टर सुचेता भालेराव तपासणीच्या पडद्याकडे बघत म्हणाल्या. वसाहतीत थांबगर्भ आणला तो त्यांनीच. “आता जोरदार डोस देऊ. नाहीतर काढून टाकू. ही रजा हुकली तर कंपनी पुन्हा नंबर देत नाही, माहीत आहे ना तुला?”

“डॉक्टर, माझ्या घरी किलीफिश आहेत. दिवाणखान्यात टाकी, कपाटात भुशात ठेवलेली अंडी.”

“अगं, माझी पीएच.डी. त्यांच्यावरच आहे!”

“मग तुम्हीच सांगा. अंड्यांचा भुसा पाण्यात टाकला की सगळी अंडी फुटतात का?”

“नाही,” डॉक्टर म्हणाल्या. “काही मुद्दाम मागे राहतात. पावसाची सर फसवी निघाली आणि सगळीच फुटलेली असली, तर वंश बुडेल.”

“तो भुसा मी पुन्हा वाळवते, पिशवीत भरून ठेवते, काही महिन्यांनी परत भिजवते. मग फुटतात. एकदा मला धीर धरवला नाही. बाटलीत घालून हलवून हलवून फोडली. पिल्लं निघाली, पण पोहेनात. तळाशी पोटावर घसरत राहिली आणि तशीच मेली.” उर्मीने डॉक्टरांकडे रोखून पाहिलं. “जोरदार डोसने झालेली मुलं कशी असतात?”

डॉक्टरांनी नजर पुन्हा पडद्याकडे वळवली. उर्मीला उत्तर मिळालं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“डोस घेणार नाही. काढूनही टाकणार नाही.”

“नोकरी जाईल. वसाहतीतलं घरही जाईल.”

“जाऊ दे. अंड्यांच्या पिशव्या उचलीन आणि चालू लागेन. माझं बाळ कंपनीच्या कॅलेंडरावर जन्मणार नाही.”

डॉक्टरांनी उठून दार लावलं. “तू एकटी नाहीस,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “यंदा निम्म्याहून जास्त गर्भ जागे झाले नाहीत. मला वाटलं औषध बिघडलं. औषध उत्तम आहे. गर्भ आईच्या रक्तातून बाहेरची खबर घेतो. उष्मा, जागरणं, धास्ती, सगळं त्याला कळतं. आणि तो ठरवतो, एवढ्यात नको. थांबायला आम्ही शिकवलं, उर्मी. नाही म्हणायला ही बाळं आपली आपण शिकली. दरवर्षी आकडा वाढतोय. एखाद्या वर्षी कुणीच जन्माला येणार नाही.”

उर्मीचा हात पोटावर गेला. इतकी वर्षं ती समजत होती, बाळ आपली वाट बघतंय. ते तर आपल्याला पारखत होतं! ती घाबरली. आणि घाबरता घाबरताच तिला त्याचा अभिमान वाटला. हट्टीपणात आईवर गेलं होतं.

“कंपनीला काय सांगू?” डॉक्टरांनी विचारलं.

“टाकीतले मासे रुसले, खाईनासे झाले, तर आम्ही त्यांना धाक घालत नाही, डॉक्टर,” उर्मी पर्स खांद्याला लावत म्हणाली. “आम्ही पाणी बदलतो. तेवढंच सांगा.”