पुसलेली कुंडी

गावच्या जुन्या-नव्या चित्रकारांचं प्रदर्शन थोड्याच वेळात उघडायचं होतं, आणि मधल्या भिंतीवरच्या चित्राची कुणीतरी पार वाट लावली होती.

चित्र मास्तरांचं, ‘माझं घर’. मास्तर आता हयात नव्हते, त्यामुळे गावाला फारच थोर वाटत होते. चित्रात ते, बायको, मुलगा आणि बाजूला फुलांची कुंडी. ती कुंडीच कुणीतरी बोळ्याने पुसली होती. खाली नुसते सुरीचे ओरखडे. त्यांच्यावरही बाकीच्या चित्रासारखंच पिवळट व्हार्निश चमकत होतं.

संयोजकांनी गुप्तहेर बाईंना बोलावलं. सगळे त्यांना वहिनी म्हणत. सोबत त्यांचे दीर होते, डोक्याने अंमळ निवांत.

“टर्पेंटाइन,” वहिनींनी वास घेतला. “ओघळ मास्तरांच्या बुटावरून गेलाय, पण बुटाचा रंग जागचा हललेला नाही.”

“बूट भारीतला असेल,” दीर म्हणाले.

“धन्य आहात, भावोजी!”

संयोजक वैतागले होते. “चित्र मुलाकडून आलं तेव्हापासून मी कुंडीच बघतोय. सकाळीही होती. आत आम्ही तिघंच, मी आणि मास्तरांची ही दोन मुलं.”

मुलगा पाट्या रंगवायचा. “मी धूळ पुसून दिलं फक्त,” तो बहिणीकडे न बघता म्हणाला.

बहिणीने मनाने लग्न केलं म्हणून मास्तरांनी तिला घर बंद केलं होतं. आज ती पहिल्यांदाच आली होती. “हे काढताना बाबा किती ओरडायचे! मी जरा हलले की झालंच.”

वहिनी चित्रासमोर उभ्या राहिल्या.

“जुना तैलरंग टर्पेंटाइनला दाद देत नाही, म्हणून बूट टिकला. कुंडी निघाली, म्हणजे ती ताजी, मुलाने काढलेली. खाली काही आहे हे संयोजकांना माहीतच नव्हतं. हलल्यावर ओरडा खाणारी मुलगी मात्र चित्रात कुठेच नाही.”

“हो, मीच पुसलं!” बहीण उसळली. “मला माझा चेहरा हवा होता! दादाने तो खरवडला आणि वर कुंडी ठेवली!”

“कुंडी त्याची. ओरखडे नाहीत,” वहिनी हळूच म्हणाल्या. “त्यांच्यावरचं व्हार्निश बघा. इतकं पिवळं पडायला वर्षं जातात. आधी खरवडलं, मग व्हार्निश लावलं. मास्तरांनी.”

बहिणीने भावाकडे पाहिलं.

“तू येणार म्हणालीस,” तो म्हणाला, “म्हणून वर कुंडी काढली. तुला हे कसं दाखवणार होतो गं?”

बाहेर पाहुणे जमायला लागले होते.

“दादा,” ती म्हणाली, “कुंडी परत काढशील?”

“रंग ओला राहील.”

“राहू दे. मी हात नाही लावणार.”

त्याने रंगांची पेटी उघडली.