ओली खळ

ही गोष्ट खरी आहे. माझ्या सख्ख्या धाकट्या बहिणीच्या, जयूच्या घरी घडलेली. ज्याला पटत नसेल त्यानं उज्जैनला यावं आणि नानाखेड्याच्या तिच्या घरात रविवारची एक दुपार एकट्यानं काढून दाखवावी. मग बोलू.

जयूचे यजमान बापू. एकाहत्तरच्या लढाईत होते, नंतर इथल्याच नगर निगमात साहेब झाले. रविवारी जेवणं उरकली की जयू मैद्याची खळ शिजवून द्यायची, आणि बापू दार लावून वहीत फोटो अन् कात्रणं चिकटवत बसायचे. लढाई, उद्घाटनं, सत्कार. आतून फक्त कात्री...

कच... कच...

त्या वह्यांना हात लावायची कुणाची बिशाद नव्हती. फौजेतली काळी ट्रंक, किल्ली करगोट्याला. पण जयूला केवढा तोरा! "आमचा दोघांचा सगळा जन्म त्यात आहे, ताई," म्हणायची.

बापू गेले. वर्षश्राद्ध झालं. पुढच्या रविवारी, भर दुपारी तिच्या मुलानं, सुहासनं ट्रंक उघडली. हॉलमध्ये लावायला दोघांचा फोटो हवा होता.

"आई, सिंहस्थाच्या सत्कारात तू बाजूला उभी होतीस ना?"

"होते म्हणजे? मोरपंखी माहेश्वरी नेसले होते. बघ नीट!"

सुहासनं पान उलटलं...

बापू होते. गळ्यात हार होता. शेजारी...

बाईच्या आकाराचं भोक.

पुढचं पान. तेच.

त्याच्या पुढचं. तेच.

लग्नाच्या फोटोत तेवढी बापूंच्या दंडावर जयूची बोटं राहिली होती. बाकी जयू नाही.

"यांनी कापलं मला?" ती म्हणाली. "आणि माझ्याच खळीनं चिकटवलं?"

सुहासनं भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं... झटकन मागे घेतलं.

खळ ओली होती.

जयू रडली नाही. आमच्या घरात रडायची रीत नाही. बापूंच्या हार घातलेल्या तसबिरीसमोर जाऊन उभी राहिली. "जन्मभर शिजवली. बस, हो गया! आता चमचाभर मिळणार नाही." घरातला मैदा तिनं शेजारणीला देऊन टाकला. खळीचं पातेलं भंगारवाल्याला.

पुढचा रविवार. जयू जेवून जरा कलंडली होती.

वास आला... शिजलेल्या मैद्याचा.

स्वयंपाकघरात गेली. गॅस बंद.

ओट्यावर तेच पातेलं. हात लावला...

गरम.

आणि आतल्या खोलीतून...

कच... कच...

ती धावली. खोलीत कुणी नाही. ट्रंकेला कुलूप. मागे वळली तर समोर भिंतीवर नातवाच्या वाढदिवसाचा फोटो. बापू गेल्यानंतर काढलेला. काच शाबूत, फ्रेम शाबूत. आत सगळे हसतायत...

मध्ये भोक.

सुहास म्हणतो, "आई, घर विकून टाकू." ती म्हणते, "का? घर माझं आहे. त्यांनी जावं."

कापलेले तुकडे सगळीकडे शोधले. ट्रंकेत, माळ्यावर, कचऱ्यात. एकही नाही. आता दर रविवारी जयू ट्रंकेजवळ जाऊन बसते आणि एकच विचारते.

"कापलंत ते कापलंत. पण मला ठेवलंय कुठे?"

आम्हा दोघी बहिणींचा एक फोटो माझ्या कपाटात आहे.

काल त्या कपाटातून मैद्याचा वास आला.

मी अजून उघडलेलं नाही...