नेस्टाने ओढलेला पडदा

"ही ऐकीव गोष्ट नाही. नेस्टाने स्वतः मला सांगितलीय," म्हातारा तेगविन म्हणाला. वेल्समधल्या त्या डोंगराळ गावात त्याने चाळीस वर्षं टपाल वाटलं होतं. चॅपलमधली गाण्याची तालीम आटोपून शेकोटीपाशी बसलेली पोरं जवळ सरकली.

दोन हजार दहा साल. बारा जानेवारी, मंगळवार. चारच्या पुढे अंधारायला लागलं होतं. वडिलांमागे गावचं दुकान नेस्टा आणि तिचा धाकटा भाऊ इदवाल चालवायचे. दोघंही बिनलग्नाचे, तिला जगात तोच एक. रस्त्यावर बर्फ गोठलेला पाहून इदवाल म्हणाला, "डोंगरावरच्या म्हातारीला पाव उद्या देतो. एका दिवसात मरत नाही ती."

"सुपरमार्केटवाले जातात का वर? आपण जातो म्हणून तर लोक अजून आपल्याकडे येतात. जा, नखरे करू नकोस."

तो गाडी घेऊन गेला.

पाच वाजून दहा मिनिटांनी रस्त्यावर पावलं वाजली. पुष्कळ. संथ. सोबत पुरुषांच्या दबक्या आवाजात वेल्श प्रार्थना. प्रेतयात्रा. नेस्टाचा हात आपसूक पडद्याकडे गेला. दुकानदाराची रीतच आहे आपल्याकडे. पडदा ओढायचा, दिवा घालवायचा, मयत पुढे जाईस्तोवर दार उघडायचं नाही. ती मान खाली घालून उभी राहिली.

मग तिच्या ध्यानात आलं, गावात कुणी गेलंच नव्हतं. आणि अंधारात कोण पुरतं?

पावलं दुकानासमोर थांबली.

प्रार्थनाही थांबली.

"नेस्टा, दार उघड." इदवालचा आवाज.

"थांब... जाऊ दे त्यांना."

"गारठलोय गं..."

तिचा हात कडीवर होता. कडी निघाली नाही तिच्याच्याने.

"नेस्टा..."

पावलं पुन्हा चालू लागली. लांब गेली. तिने दार उघडलं. रस्ता रिकामा.

सहाला पोलीस आला. गाडी वळणावरून ओढ्यात गेली होती. साडेचारलाच संपलं होतं सगळं. पाव पोचलाच नव्हता.

"मी उघडलं असतं तर?" त्या हिवाळ्यात तिने मला कितीदा विचारलं. वसंतात तिने दुकान बंद केलं. मग फार दिवस जगली नाही.

त्या पोलिसाने मात्र आत येण्याआधी पायरीवर बॅटरी मारली होती. पायरीभर गोठलेलं पांढरं दहिवर. त्यात दोन पावलांपुरता दगड काळा, कोरडा...

पावलांचं तोंड दाराकडे. परत फिरलेलं एकही नव्हतं.