पाहुण्याचं जेवण

पाहुणा दुपारी एकला जेवायचा. ही वेळ त्याला शिवणवालीनं लावली होती. नाट्यगृहाच्या कपडेपटातलं सकाळचं काम उरकून ती साडेबाराला घरी यायची, दूध तापवायची, त्यात पाव कुस्करायची आणि वाडगा घेऊन स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत यायची. स्वयंपाकघराच्या दाराला एक जुना मखमली पडदा होता, कुठल्याशा बंद पडलेल्या नाटकाचा, तिनंच कापून शिवलेला. त्या पडद्यापासून पाहुण्याच्या गोणपाटापर्यंत आठ पावलं. कधीकाळी कपडेपटाच्या शिडीवरून पडल्यापासून तिचा डावा पाय ओढत असे. टप्, सर्र. टप्, सर्र. तिसऱ्या पावलाला कुत्रा उभा राहायचा आणि आठव्याला वाडगा खाली टेकायचा.

कुत्र्याला पाहुणा हे नावही नाटकामुळेच पडलं. एका नाटकात दुसऱ्या अंकात तीन मिनिटं कुत्रा हवा होता. दिग्दर्शकानं रस्त्यावरचा एक उचलून आणला. तो रंगमंचावर बसला तो असा बसला, की पडदा पडला, दिवे गेले, नट तोंड धुऊन घरी गेले तरी उठेना.

“हे पाहुणे कलाकार काही जायचं नाव घेत नाहीत,” शिवणवाली म्हणाली आणि त्याला घेऊन घरी आली. नाटक सोळा प्रयोगांत आटोपलं. पाहुणा बारा वर्षं राहिला.

तिचा नवरा त्याच नाट्यगृहात विंगेत बसून आवाज काढायचा. लोक त्याला आवाजवाला म्हणत, तोंडावर काका. पत्रा हलवला की वीज, परातीत वाटाणे फिरवले की पाऊस, असं सगळं हवापाणी त्याच्या एका लाकडी पेटीत मावायचं. पण त्याचं नाव झालं होतं ते पावलांसाठी. हातात जोडे घेऊन, गुडघे टेकून, तो फळीवर माणसं चालवायचा. ज्या म्हाताऱ्याच्या हाताखाली तो हे शिकला, तो एकच गोष्ट सांगून सांगून त्याचे कान किटवायचा. “पावलं हातानं वाजवू नकोस, खांद्यानं वाजव. वजन या खांद्यावरून त्या खांद्यावर गेलं पाहिजे. नुसत्या हातानं वाजवलीस तर चपला वाजतात. माणूस चालत नाही.”

हिवाळ्याच्या तोंडावर शिवणवाली गेली. चार दिवसांचा ताप, बस्स. पाचव्या दिवशी दुपारी एकला आवाजवाल्यानं दूध-पाव कुस्करून वाडगा गोणपाटापाशी ठेवला. पाहुण्यानं त्याच्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे पाहिलं, आणि नाक पंजांत घालून पडून राहिला.

असे सहा दिवस गेले. जनावरांच्या डॉक्टरनं दात पाहिले, पोट दाबून पाहिलं. “काही नाही. वय झालंय आणि मनाला लावून घेतलंय. माणसाला निदान चार शब्द सांगता तरी येतात.”

मुलगी रोज फोन करायची. “बाबा, तुम्ही जेवताय ना?”

“जेवतो की.”

“आज काय जेवलात?”

तो आठवायला लागला.

“बाबा, माझ्याशी नाटक नको हं.”

त्याला वाटे, हिला काय सांगणार? एकच्या सुमाराला या घरात दोन जीव पडद्याकडे डोळे लावून बसतात. दोघांनी मिळून वाट पाहिली तर ती वाट पाहणं असतं. यातला एक गेला, तर उरलेल्याला लोक वेडा म्हणतील, आणि तोही मग स्वतःला वेडा म्हणेल. कुत्रा मेला तर तिच्या पावलाला मान उचलणारं जगात कोणी उरणार नव्हतं.

सातव्या दिवशी त्यानं दाराशी पडलेल्या तिच्या चपला उचलल्या. पेटीतली फळी काढली. वाडगा गोणपाटाशी ठेवून तो पडद्याआड गेला, गुडघे टेकून बसला, आणि एकच्या ठोक्याला तिला चालवायला लागला.

त्याचा उजवा खांदा दोन वर्षांपासून धरला होता. हात उचलायचा तो मनगटातूनच. चौथ्या पावलाला मनगटाचं हाड ‘कट्’ करून वाजलं. ही त्याची अलीकडची खोड. नाट्यगृहात दहाव्या रांगेपलीकडे ती ऐकू जात नसे, पण घरात ऐकू गेलीच असणार. आठ पावलं झाली. त्यानं आधी उजवी, मग डावी अशा चपला हळूच फळीवर टेकवल्या. विंगेतली सवय, ठेवल्याचा आवाज प्रेक्षकांत जाता कामा नये.

त्यानं पडद्याच्या कडेनं पाहिलं. पाहुणा उभा होता. तो पडद्याकडे पाहत होता, मग पडद्याखालच्या फटीकडे, जिथं आवाजवाल्याचे गुडघे दिसत असणार. बराच वेळ त्यानं सरळ तिथंच पाहिलं. मग मान खाली घालून वाडग्यात तोंड घातलं.

कुत्रा फसला नव्हता, हे आवाजवाल्याला तेव्हाच कळलं. बारा वर्षं तिच्या पायांजवळ काढलेल्या जनावराला या दोन चपला काय फसवणार? पाहुण्यानं आपला प्रवेश ओळखून जेवून दाखवलं होतं, त्याच्यासाठी. शेवटी नटच तो.

मग रोज एकला हा खेळ चालू झाला. पाहुण्याच्या अंगावर थोडं मांस धरलं. एकदा आठ पावलं संपवून आवाजवाल्यानं चपला टेकवल्या, आणि पलीकडून आणखी एक ‘सर्र’ आल्यासारखं वाटलं. गोणपाट सरकलं असेल, असं त्यानं मनाशी म्हटलं. कानात पस्तीस वर्षांचे आवाज साठलेत, एखादा सांडायचाच.

पुढच्या महिन्यात जुनं नाटक पुन्हा उभं करायचं ठरलं आणि दिग्दर्शकाचं बोलावणं आलं. “काका, सगळं लॅपटॉपवर आहे हो, पण रेकॉर्डिंगमध्ये पावलं मेल्यासारखी वाटतात. तुम्ही या.” तालीम बारा ते चार. आवाजवाल्यानं पहिल्या दिवशी साडेअकरालाच पावलं वाजवून पाहिली. पाहुण्यानं डोळे उघडले आणि मिटले. अवेळी प्रवेश घ्यायला तो काही नवखा नव्हता. वाडगा तसाच ठेवून आवाजवाला गेला.

पाचला परत आला तर वाडगा चाटूनपुसून लख्ख.

भुकेपुढे काय, तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी पावलं न वाजवताच गेला. वाडगा लख्ख. तिसऱ्या दिवशीही तेच. त्याला बरं वाटलं, आणि जरा वाईटही वाटलं. हा विसरला म्हणायचा तिला.

चौथ्या दिवशी संध्याकाळी खालच्या दुकानातल्या घड्याळवाल्यानं त्याला हाक मारली. आवाजवाल्याच्या घराची फरशी म्हणजे त्याच्या दुकानाचं छत.

“काका, एक विचारू? रागावणार नसाल तर.”

“विचार.”

“दुपारी घरात कोण असतं?”

“पाहुणा.”

“त्याचं नाही हो म्हणत. चार पायांची चाल निराळी.” घड्याळवाल्यानं डोळ्यावरचं भिंग कपाळावर सरकवलं. “एकच्या ठोक्याला वर कोणीतरी चालतं. मी आपलं घरी बोललो, काकांनी कामाला बाई ठेवली वाटतं, आणि नेमकी मिळाली तीही काकूंसारखी...” तो गडबडला. “म्हणजे, पाय ओढणारी.”

“किती पावलं?”

“आता मी काय मोजत बसतो का?” तो हसला. पण घड्याळवालाच तो. जरा वेळानं खाली पाहत म्हणाला, “आठ.”

त्या रात्री आवाजवाल्याला झोप आली नाही, आणि ते काही भीतीनं नव्हे. सकाळी त्यानं दाढी केली. तिनं शिवलेला पांढरा सदरा घातला. तिच्या चपला कपाटात ठेवून कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली. आपल्याला ताप आल्याचं दिग्दर्शकाला कळवलं. वाडगा भरून ठेवला, दार ओढून घेतलं, आणि बारा वाजल्यापासून तो बंद दाराला कान लावून जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसला. लग्नाआधी कपडेपटाच्या बाहेर असाच बसायचा. हात तसेच गार पडले होते.

खाली दुकानातली घड्याळं एकापाठोपाठ एक वाजली.

टप्, सर्र.

त्यानं डोळे मिटले. तिचीच चप्पल. टाचेला लावलेला चामड्याचा तुकडा, तो फरशीवर जरा चिकटून सुटतो, तोच आवाज. टप्, सर्र. आपण हाक मारावी असं त्याला वाटलं. ओठ उघडलेही.

आणि मग त्याच्या कानानं त्याचा घात केला.

वजन सरकत नव्हतं. एक पाऊल पडत होतं आणि दुसरं पडत होतं, पण त्यांच्यामध्ये शरीर नव्हतं. खांदा नव्हता. पावलं दाराकडे येतही नव्हती, सगळी एकाच जागेवर पडत होती, पडद्यामागे, फळीवर.

चपला वाजत होत्या. कोणी चालत नव्हतं.

चौथ्या पावलाला ‘कट्’ झालं.

तो पायरीवर तसाच बसून राहिला. मग आत वाडगा चाटल्याचा आवाज आला, नेहमीचा, लपलप. त्यानं दार उघडलं. पाहुण्यानं त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा जेवायला लागला. पडद्यामागे कोणी नव्हतं. फळी पेटीतून बाहेर आलेली होती आणि तिच्यावर चपला होत्या, डावी उजवीला जरा टेकलेली, तो ठेवतो तशी. कपाटाचं कुलूप बंद. किल्ली त्याच्या खिशात.

भूत असतं तर त्यानं पाय धरले असते. तिची सावली, तिचा वास, काहीही त्याला चाललं असतं. पण आत ती नव्हतीच.

त्यानं हे कोणाला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवसापासून तो पुन्हा तालमीला जाऊ लागला. पाहुणा जेवत होता ना, मग झालं.

उन्हं तापू लागली तेव्हा एका दुपारी, एकला दहा मिनिटं असताना, पाहुणा गोणपाटावरच गेला. आवाजवाला घरीच होता. पडद्याआडून काही आवाज आला नाही. त्यानं आणि घड्याळवाल्यानं मिळून कुत्र्याला नाट्यगृहाच्या मागच्या अंगणात नेलं, जिथं मोडक्या खिडक्या नि रंगवलेली झाडं टाकून देतात. खड्डा घड्याळवाल्यानं खणला. आवाजवाल्यानं पाहुण्याशेजारी फळी ठेवली आणि फळीवर चपला.

“चपला कशाला, काका?”

“असू देत.”

घड्याळवाल्यानं माती लोटली, वर एक दगड सरकवला.

मुलगी येऊन चार दिवस राहिली. तिनं घर झाडलं, डबे भरले, पडदाही धुवायला काढणार होती. तो मात्र त्यानं काढू दिला नाही.

“चला ना माझ्याकडे. इथं आता कोण आहे, बाबा?”

त्यानं पडद्याकडे पाहिलं. “बघू. येईन पुढच्या महिन्यात.”

“नक्की?”

“नक्की.”

“आणि जेवायचं. शपथ घ्या माझी.”

ती गेली आणि त्यानं जेवण सोडलं. ठरवून नाही. दुपारी पाव आणि दूध घेऊन तो टेबलाशी बसायचा, त्याला घास उचलावासाच वाटायचा नाही. ताट तसंच उचलून ठेवायचा. पहिल्या दिवशी गोणपाटाची घडी घातली. दुसऱ्या दिवशी वाडगा पालथा घातला. तिसऱ्या दिवशी बसल्या जागी जरा अंधारी आली, आणि त्यात त्याला हलकं वाटलं. असंच होत असेल, तो म्हणाला. काही कठीण नाही.

चौथ्या दिवशी ताट पुढ्यात घेऊन तो बसला होता. बाहेर लख्ख ऊन होतं. खाली दुकानात एक वाजला, घड्याळामागून घड्याळ.

पडद्यामागे फळी ठेवल्याचा आवाज झाला.

टप्, सर्र.

तो हलला नाही.

टप्, सर्र. डावी चप्पल टाचेशी चिकटून सुटत होती. तिच्यात आता थोडी मातीची करकर होती.

चौथ्या पावलाला ‘कट्’ झालं. त्यानं आपल्या हातांकडे पाहिलं. दोन्ही मनगटं ताटाच्या दोन बाजूंना टेबलावर पडली होती.

आठ पावलं झाली. मग शांतता. पण ती रिकामी नव्हती. पडद्याआड कोणीतरी गुडघ्यांवर बसून, श्वास धरून, कडेनं पाहत होतं, हा घास घेतो का ते. हे बसणं त्याला माहीत होतं. गुडघे कसे ठणकतात, खांदा कसा ओढतो, आणि समोरचा जेवला नाही तर आपल्याला जगात कोणी उरणार नाही, हेही.

त्यानं पडद्याकडे पाहिलं. मग पडद्याखालच्या फटीकडे. बराच वेळ सरळ तिथंच पाहिलं.

मग त्यानं मान खाली घातली, पावाचा तुकडा दुधात बुडवला आणि खाऊ लागला.

पडद्यामागे चपला हळूच फळीवर टेकल्या. आधी उजवी, मग डावी.