सातव्या वळणावरचा हात

कॅमेरा घ्यायला जायचं होतं, एवढंच. सप्टेंबरातला शनिवार, ऊन मऊ पडलेलं, आणि मला गाडीत बसवायला एक बरा कॅमेरा हवा होता. सोबत लाइलला घेतलं. लाइल प्रॉक्नाव, माझ्या नवऱ्याचा, डुएनचा, तीस वर्षांपासूनचा दोस्त. डुएनची शवपेटी उचलताना पुढची कडी यानंच धरली होती आणि नंतर हिवाळाभर माझ्या दारातला बर्फही यानंच उपसला. असल्या माणसाला न्यायचं नाही तर न्यायचं कुणाला, तुम्हीच सांगा.

आमच्या ट्रॅक-डेचं आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. ही शर्यत नव्हे. आपलीच गाडी घेऊन, आपल्यासारख्याच वीस-पंचवीस येड्यांबरोबर स्टोनी केटलच्या ट्रॅकवर दिवसभर फिरायचं, झालं. नियम मात्र कडक. पुढच्यानं खिडकीतून हात बाहेर काढून बोटानं बाजू दाखवल्याशिवाय त्याला ओलांडायचं नाही. त्याला आम्ही हात देणं म्हणतो. आणि हात दिला की देणाऱ्यानं वेग कमी करायचा, मागच्याला जाऊ द्यायचं. म्हणून ऐन थंडीतसुद्धा आमच्या दोन्ही खिडक्या उघड्या असतात.

डुएननं तिथं वीस वर्षं लोकांना गाडी शिकवली. शिकवायचा काय, तर हाच नियम. आणि तोच गेल्या ऑक्टोबरात सातव्या वळणाच्या आधीच्या उतारावर लाइलला ओलांडायला गेला, दोघं शेजारी शेजारी वळणात शिरले आणि डुएन बाहेर फेकला गेला. टायरांची भिंत, मग ओकचं झाड. लाइल म्हणाला, "मी हात दिलाच नव्हता." ट्रॅकच्या कडेनं उभ्या झेंडेवाल्यांना तो उतार झाडांमुळं दिसत नाही. डुएनच्या गाडीतला कॅमेरा तापून बंद पडला होता, असंही लाइलच म्हणाला. गाडीजवळ पहिला तोच पोचला होता ना. आमच्या क्लबानं चौकशी केली आणि शिक्षकांच्या फलकावरून डुएनचं नाव उतरवलं. माणूस जमिनीत, आणि वर नावाची पट्टीसुद्धा उचकटली! मला रात्ररात्र झोप यायची नाही.

माझं म्हणणं साधं होतं. डुएन नियम मोडणारा नव्हे आणि लाइल खोटं बोलणारा नव्हे. मग दोघंही खरे ठरतील असं काहीतरी त्या उतारावर असणार. झाडांतून उन्हाची तिरीप येत असेल, ती त्याला हातासारखी दिसली असेल. ते चित्रात पकडायचं आणि हंगामाच्या शेवटच्या बैठकीत क्लबापुढं ठेवायचं. नावाची पट्टी परत लागायला हवी होती मला. दुसरं काही नको होतं.

दुकान बर्निसचं. सत्तरीची बाई, एके काळी स्वतः शर्यती मारलेली, तोंडात सदा च्युइंगम. तिनं काउंटरवर तीन कॅमेरे मांडले. लाइलनं त्यातला सगळ्यात छोटा उचलला.

"हा घे मार्ली. काचेला चिकटवला, की झालं काम."

"काचेला चिकटवलेलं आता तपासणीत चालत नाही," बर्निस म्हणाली. "सुटला की थेट कपाळात. बोल्टनं आवळायचा आणि वरून दोरी. आणि पोरी, ती झटके सावरायची सोय बंद ठेव बरं का. नाहीतर गाडी स्थिर दिसते आणि बाहेरचं जग डुलायला लागतं."

मग तिनं तिसरा पुढं सरकवला. एका वायरीला दोन डोळे. एक डोक्यामागच्या लोखंडी कमानीवरून पुढचा रस्ता बघणारा, दुसरा डॅशवरून चालवणाऱ्याकडं तोंड केलेला.

"हा घे. शिकणाऱ्यानं स्वतःचे हात बघावेत."

"हिचे हात काय बघायचेत?" लाइल हसला. "बाईनं बावीस वर्षं शाळेची बस चालवलीय. मागं पन्नास पोरं बोंबलत असताना हिचे हात हलले नाहीत."

"तुझं तोंड हलतंय तेवढं पुरे आहे," बर्निस म्हणाली.

आम्ही तिघं हसलो. पण लाइलनं पिच्छा सोडला नाही. एक डोळा पुरे, लांबचं कशाला टिपायचं, वळणच तर दाखवायचंय, असं तीनदा तरी म्हणाला. शेवटी मी वैतागून दोन डोळ्यांचाच घेतला. परतीच्या वाटेवर तो मांडीवरचं कॅमेऱ्याचं खोकं उलटसुलट करत बसला. माझ्यासारखीच त्यालाही डुएनची आठवण आली असेल, असं मला वाटलं. काय बावळट होते मी.

ऑक्टोबरात ट्रॅक-डे उजाडला तो धुक्यात. ओल्या पानांचा वास, त्यात जळक्या ब्रेकांचा. नऊच्या बॅचला मी डुएनची आधीची, जुनी पांढरी गाडी घेऊन निघाले. सुरुवातीच्या तीन फेऱ्या नीट गेल्या. चौथ्या फेरीला सातव्याच्या उतारावर आले आणि गाडीत वास आला... विंटरग्रीनच्या मलमाचा. डुएन खांद्याला चोळायचा ते. दोन्ही खिडक्या उघड्या, वारा नुसता घोंघावतोय, आणि तरी वास जागचा हलेना. शेजारच्या सीटवरून येत होता.

मी घाबरले नाही. खोटं कशाला सांगू, मला रडू आलं. म्हटलं, आलास का रे? माझ्यासाठी आलास?

जेवणाच्या सुट्टीत गाडीची डिकी उघडून तिच्या काठावर बसले आणि लॅपटॉपवर चित्रण लावलं. पहिल्या तीन फेऱ्यांत उतार मोकळाच. उन्हाची तिरीप नाही की काही नाही. चौथी फेरी लागली.

पुढं एक निळी गाडी होती.

आमच्या बॅचला निळी गाडी नव्हतीच. लाइलची निळी तेव्हा गाड्या लावायच्या मैदानात जॅकवर उभी होती, एक चाक काढलेलं. मी मान वर करून पाहिलं. अजूनही तशीच होती. पण चित्रात तीच, तोच दोन आकडी क्रमांक, उतारावरून पळत होती. तिच्या खिडकीतून हात बाहेर आला. स्वच्छ, कोपरापर्यंत. बोटानं डावी बाजू दाखवली... आणि माझी गाडी डावीकडून पुढं गेली. मी तर गेले नव्हते! निळीनं वेग कमी करायला हवा होता. तिनं केला नाही. उलट वाढवला. दोन्ही गाड्या शेजारी शेजारी वळणात घुसल्या, चित्र हादरलं, पापणी मिटावी एवढाच वेळ काळोख झाला, आणि पुन्हा माझा तोच मोकळा उतार सुरू.

"सॉसेज गार होतंय, मार्ली..."

लाइल दोन प्लेटा घेऊन मागं उभा होता. किती वेळ उभा होता कोण जाणे. त्याचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. एक प्लेट हातातून निसटली, आंबट कोबी त्याच्याच बुटांवर सांडला, त्याचं त्याला भान नव्हतं.

"हे कॅमेऱ्याचं कार्ड..." तो अगदी हळू म्हणाला, "हे कार्ड तुला कुठं मिळालं?"

"कुठलं कार्ड, लाइल?"

"मी ते तळ्यात टाकलं होतं... मी स्वतः..."

बोलून गेला आणि मग त्याला कळलं, काय बोलून गेला ते. बाजूला कुणीतरी जॅक सोडत होतं, त्याची करकर मला अजून ऐकू येते.

"बंद नव्हता पडला ना रे कॅमेरा?"

त्यानं मान हलवली. नाही.

"तू हात दिलास."

"दिला... मग त्याची गंमत करावी म्हटलं. ॲक्सिलरेटरवरून पाय नाही उचलला, उलट दाबला. आम्ही नेहमीच एकमेकांची खोडी काढायचो ग. दोन सेकंदांची गंमत... तो मागं हटेल असं वाटलं मला."

"तू हात दिलास, म्हणून तो आला! तुझ्यावर विश्वास ठेवून आला! आणि वर्षभर माझ्या टेबलावर बसून कॉफी पीत होतास तू, मेल्या! माझा बर्फ उपसत होतास!"

मी त्याला मारलं. त्याच्या हातात उरलेली प्लेट ओढून घेतली, तीच हाणली. त्यानं हात वर केले नाहीत. नुसता रडत राहिला. नवरा गेला तेव्हासुद्धा मला इतकं एकटं वाटलं नव्हतं. तेव्हा निदान हा होता.

"संध्याकाळी सांगतो," शेवटी तो म्हणाला. "बैठकीत, सगळ्यांसमोर, तसंच्या तसं. शपथ. त्याची पट्टी माझ्या हातानं लावतो. फक्त एक बॅच फिरू दे मला. यानंतर इथं मला कोण पाय ठेवू देणार?"

मी हो म्हटलं. खरंच सांगणार होता तो. ते त्याच्या डोळ्यांत दिसत होतं, आणि ही गोष्ट मी आजही शपथेवर सांगेन.

तीनच्या बॅचला मीही गेले. मैदानात त्याच्यासमोर बसणं शक्यच नव्हतं. दुसऱ्या फेरीला आरशात निळी दिसायला लागली, नीट अंतर राखून होती. सातव्याचा उतार आला. आणि तोच वास... आता इतका दाट, की डोळे चुरचुरले. शेजारच्या सीटचा पट्टा आपोआप ताणला गेला. कुणी उजव्या खिडकीतून बाहेर वाकावं तसा.

माझे दोन्ही हात चाकावर होते. दोन्ही. मी तेवढ्या जोरानं कधीच काही धरलं नव्हतं.

आरशातली निळी उजवीकडं सरकली आणि मला ओलांडू लागली. मी ओरडले, पण हेल्मेटमधून ओरडणार किती? वळणात जागा एकालाच होती. ती बाहेर गेली, गवतावर एक गिरकी घेतली, आणि पुढचं मी बघितलं नाही. फक्त आवाज ऐकला.

लाल झेंडे लागले. मी गाडी टाकून धावले. लाइल शुद्धीवर होता. माझी बाही धरून लहान पोरासारखं विचारलं त्यानं.

"तू... हात दिलास ना, मार्ली?"

"नाही रे. मी नाही दिला."

"दिलास... मी बघितला ना. त्या बाजूच्या खिडकीतून... म्हणून तर आलो."

हेलिकॉप्टर येईपर्यंत तो तेच म्हणत होता. हेलिकॉप्टर परत उठलं तेव्हा काही म्हणायला उरला नव्हता.

संध्याकाळची बैठक झालीच नाही. क्लबाचा प्रमुख गॉर्डी, भला माणूस, त्यानं कचेरीत बसून माझं चित्रण पाहिलं. भिंतीपलीकडं लाइलची बायको होती, म्हणून आवाज बंद ठेवला होता. पडद्यावर मी, माझे दोन्ही हात चाकावर, आणि आम्ही दोघं बघत होतो ते फक्त हातच. गॉर्डीनं कागदावर लिहिलं, हात दिलेला नसताना ओलांडले, चूक चालकाची. गेल्या वर्षीही तेच वाक्य होतं.

मी म्हटलं, सकाळचं बघ. चौथी फेरी लावली. उतार मोकळा होता. निळी गाडी नाही, हात नाही. तीनदा लावली, तीनदा मोकळा. लाइल माझ्यापाशी काय काय बोलला ते सगळं सांगितलं. गॉर्डीनं खूप मायेनं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"मार्लिस... तो आता बोलायला नाही. त्याच्या बायकोला हे सांगू नकोस."

म्हणजे संपलं. डुएनचं नाव धुऊन काढू शकेल असा एकच माणूस जगात होता, आणि तो तीन तासांत कबूल करणार होता. घरी परतताना मी गाडीत बसून डुएनला शिव्या घातल्या, अगदी मोठमोठ्यानं. मला वाटलं माझ्यासाठी आलास! माझ्याच गाडीत, माझ्या शेजारी बसून हे केलंस? संध्याकाळपर्यंत दम धरवला नाही तुला? गाडीत कसलाच वास नव्हता. थंडी होती नुसती.

दोन आठवडे ते चित्रण मी उघडलं नाही. मग एका दुपारी भांडी घासून झाल्यावर बसले आणि पहिल्यांदाच आवाज सुरू करून बघितलं.

इंजिन, वारा. उतार येतो. माझे हात चाकावर, आवळलेले. मी ओरडते तो आवाज पुढं आहे, निळी बाजूला आल्यावरचा. पण त्याच्या आधी, ती अजून मागं नीट अंतर ठेवून येत असताना, चित्रातली मी मान वळवते, शेजारच्या रिकाम्या सीटकडं. मला हे आठवत नाही. देवाशपथ आठवत नाही. माझे ओठ हलतात, आणि बसमधल्या पोराला उतरायची खूण करावी तशा शांत आवाजात मी म्हणते,

"आता... आता दे हात."