शिवणयंत्राखालची झोप

कुंकवाचं बोट हवेतच राहिलं... कपाळच नव्हतं!

मंदाकिनीने डोळे बारीक करून पुन्हा त्या लोखंडी बाईकडे पाहिलं. घरातून नवं काहीही बाहेर पडायचं असलं, मग ती स्कूटर असो की सायकल, तर त्याला हळदकुंकू लावल्याशिवाय ती ते बाहेर पडू द्यायची नाही. म्हणून तर सकाळीच न्हाऊन, स्पृहाला न सांगता, तबक घेऊन ती बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये उतरली होती. धाकट्या बहिणीचं एवढं मोठं शिल्प, एवढ्या मोठ्या कलादालनात पहिल्यांदाच चाललेलं, आणि त्याचं नाव म्हणे ‘ताई’! ताडपत्री बाजूला करताना तिला उगाचच लाजल्यासारखं झालं होतं...

आणि समोर हे.

पायाने चालवायचं शिवणयंत्र. त्यापुढे बसलेली बाई. बेअरिंगांचा कणा, गिअरचे खांदे, सायकलच्या साखळीचे दंड. वाकलेली पाठ. मग मान. मानेनंतर टेबलाच्या कडेवरून थेट जमिनीपर्यंत लोंबणारा, कापडासारख्या घड्या पडलेला पत्रा, आणि संपलं. डोकं नाही. चेहरा नाही. नुसतं राबणारं धूड!

शिवणकाम करणाऱ्यांच्या घरात पोरं यंत्राशी खेळू नयेत म्हणून चाकावरचा पट्टा उतरवून ठेवतात. मंदाकिनीच्या हातांनी तिला काही विचारलंच नाही. त्यांनी चामड्याचा पट्टा उतरवला, मुठीत गुंडाळला, आणि ती जिना चढून घरात आली.

*

“ताई, पट्टा कुठाय?”

“कसला?”

“ताई, प्लीज. साईनाथ टेम्पो घेऊन खाली उभाय. गॅलरीवाले दुपारपर्यंत थांबणारेत. पायडल चाललं नाही तर त्या पीसला अर्थ नाही.”

“अर्थ!” मंदाकिनी गॅसपाशी पाठ करून उभी होती. “अर्थ कळायला डोकं लागतं, स्पृहा. तू तर ठेवलंच नाहीस. का गं, पत्रा कमी पडला?”

स्पृहाचा चेहरा उतरला. “तू... पाहिलंस?”

“पाहिलं. कुंकू लावायला गेले होते.”

“तसं नाहीये ते...”

“मग कसं आहे? तुझ्या प्रदर्शनाच्या त्या इंग्रजी पुस्तिकेत छापलंय ना, यंत्र आणि बाई एकच म्हणून? छान. मी यंत्र. दाणे घाल, पीठ काढ. लोकांनी यावं, हातात वाईनचा ग्लास धरावा आणि म्हणावं, अरे वा, हीच का ती बिनडोक!”

“ताई!”

“ते फाटकाबाहेर गेलं तर मी लोणीला मावशीकडे जाते. परत यायची नाही. सांगून ठेवते.”

खाली टेम्पोचा हॉर्न वाजला.

*

आईपाठोपाठ बाबाही गेले तेव्हा स्पृहा आठ वर्षांची होती आणि मंदाकिनी लग्नाच्या वयाची, आणि मागे उरलं ते आईचं पायाचं यंत्र आणि बिबवेवाडीतली एक खोली, मग काय, शाळांचे गणवेश, बाही — कॉलर — काज — बाही — कॉलर — काज — आणि शाळेतून आलेली स्पृहा दप्तर टाकून यंत्राखालीच, कापडाच्या चिंध्यांच्या ढिगावर झोपायची, कारण खोलीत दुसरी जागाच नव्हती, आणि वर टकटक चालू असेपर्यंत ती गाढ झोपायची, यंत्र थांबलं की चाळवायची, म्हणून मंदाकिनी थांबायचीच नाही, पाठ मोडली तरी — बाही — कॉलर —

एकदाच थांबली होती.

हडपसरच्या कारखान्यात कामाला असलेला आनंद आईला घेऊन तिला बघायला आला होता. मुलगा सरळ होता, डोळ्यांनी हसणारा. पोहे झाले. त्याची आई बशी खाली ठेवत म्हणाली, “मुलगी पसंत आहे हो आम्हाला. पण सोबतचं हे... याची काहीतरी सोय लावा म्हणजे झालं.” ‘हे’ तेव्हा यंत्राखाली झोपलेलं होतं. आनंद जमिनीकडे बघत राहिला. मंदाकिनी म्हणाली, “अजून थोडे पोहे घ्या ना,” आणि त्यांना दारापर्यंत पोचवून आली. मग यंत्रावर बसली, आणि खाली वाकून स्पृहा झोपेत आहे ना ते बघितलं. हे तिने कधी कुणाला सांगितलं नाही. स्पृहाला तर नाहीच नाही! पोरीच्या मनावर ओझं नको... तिला काही कळलं नाही, एवढ्या एका समाधानावर तिने पुढची सगळी वर्षं काढली होती.

आणि त्याचं हे फळ. मानेवर काही नाही!

*

“पट्टा राहू दे,” स्पृहा अखेर म्हणाली. तिचा आवाज विचित्र शांत होता. “मी साईनाथला परत पाठवते. पण एकदा खाली चल. एकदाच. मग जा कुठे जायचं तिथे.”

पार्किंगमध्ये साईनाथ टेम्पोच्या फाळक्यावर बसून तंबाखू मळत होता. दोघींचे चेहरे बघून त्याने मळणं थांबवलं.

“म्याडम, उचलायचं का?”

“नाही. थांबा जरा.”

स्पृहाने शिल्पाच्या मागून, यंत्राखाली गोधडी पसरली. “आडवी हो.”

“डोकं फिरलंय का तुझं? माझे गुडघे...”

“हे उभं राहून बघायचं शिल्प नाही, ताई. गॅलरीवाल्यांशी महिनाभर भांडले मी. म्हणाले, मॅडम, लोक आडवे पडणार नाहीत. म्हटलं, मग त्यांना दिसणार नाही. तुला उद्या तिथेच दाखवणार होते, चालू करून, सगळ्यांसमोर...” तिने गोधडीची घडी सारखी केली. “मी तुला वरून बघितलंच कधी? माझी जागा कुठे होती, आठव!”

मंदाकिनी हातातला पट्टा तसाच धरून, एका हाताने टेबलाचा आधार घेत, कण्हत खाली बसली. मग कलती झाली. मग आडवी.

पत्र्याच्या घडीआड, टेबलाखाली, तिच्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर, एक चेहरा होता.

मान तुटलेली नव्हती... मान वाकून खाली आली होती! कामावरून, कापडावरून, टेबलाच्या कडेवरून खाली वाकून तो चेहरा बघत होता, यंत्राखाली निजलेल्या कुणाला तरी. तांब्याच्या पातळ पत्र्यातून ठोकून काढलेला, तरुण. गालाचं हाड किंचित वर. ओठांत खऱ्या टाचण्या धरलेल्या. आणि डोळे...

स्वतःचा हा चेहरा ती विसरली होती. त्या वयातला तिचा एकही फोटो नव्हता. फोटो काढायला कोण होतं?

“हा कुठून आणलास गं...?”

“रोज बघत होते ना.” स्पृहा तिच्या शेजारी गोधडीवर सरकली. दोघी वर बघत राहिल्या.

“पण ओठ असे नव्हते माझे. असे आवळलेले.”

“त्या दिवशी होते. टाचण्या धरल्या की ओठ थरथरत नाहीत.”

मंदाकिनीने मान तिच्याकडे वळवली. “कुठल्या दिवशी?”

“पोहे केले होतेस त्या दिवशी. यंत्र थांबलेलंच होतं. ते लोक गेले, आणि तू खाली वाकलीस.”

“तू झोपली होतीस!” ती जवळजवळ ओरडलीच. “मी नीट बघितलं होतं. तुझे डोळे मिटलेले होते...”

“तू वाकलीस तेव्हा मिटले.”

“म्हणजे तू ऐकलंस? ‘सोबतचं हे’... सगळं?”

“सगळं.”

टेम्पोपाशी साईनाथने खाकरून विचारलं, “म्याडम, मी च्या घिऊन येऊ का तवर?” त्याच्या चपला सावकाश लांब गेल्या.

“आठ वर्षांचं पोर तू...” मंदाकिनीचा आवाज फाटला. “ऐकत होतीस, तर उठून मला बिलगली का नाहीस? डोळे का मिटलेस गं?”

स्पृहाची नजर त्या तांब्याच्या चेहऱ्यावरच होती.

“मी जागी असले की तू रडायची नाहीस, ताई. म्हणून.”

वर काही हललं नाही. बेअरिंगांचा कणा, गिअरचे खांदे, सगळं जागच्या जागी होतं. मंदाकिनी मात्र कुशीवर वळली, तिने धाकटीचं तोंड दोन्ही हातांत घट्ट धरलं, आणि तिच्या छातीतून जे बाहेर आलं त्याला आधी आवाजच नव्हता.

स्पृहाच्या पापण्या सवयीने खाली आल्या.

“उघड,” मंदाकिनी हुंदक्यांतून म्हणाली. “आता मिटू नकोस. बघ.”