तिसरी डिस्क

कराडच्या माहेरकेंद्रात बसवलेल्या नव्या डिस्कचे एका रात्रीत दोन तुकडे झाले होते. संध्याकाळी केतकी मानेने तिच्यावर एकच खंड आखला होता. सकाळी पडद्यावर दोन दिसत होते. दुसरा लहानसा होता, त्याला कुलूप होतं, आणि त्याच्यापुढे लाल अक्षरांत एकच शब्द होता : सदोष.

"हा मी केलेला नाही," केतकी म्हणाली.

"मग काय, डिस्कला पिल्लू झालं?" डॉक्टर विश्राम बोकील चहाचा कप घेऊन मागे उभे होते. केंद्राचे प्रमुख तेच, आणि केंद्रातला चहा करणारेही तेच. "या केंद्रात काहीही होऊ शकतं म्हणा."

तसं पाहिलं तर हे केंद्रच एका हट्टातून उभं राहिलं होतं. बाळ पोटात वाढवायला शरीर तयार नसेल, तर ते कृत्रिम कुशीत वाढवण्याची सोय होऊन सात वर्षं झाली होती. कूस म्हणजे कपाटाएवढी बंद पेटी. आत काळोख, ऊब, गर्भजल आणि यंत्राची वार. पुण्याच्या मुख्य केंद्राला वाटलं होतं की आता बाळंतपणाचे सगळे जुने प्रश्न मिटले. पण मुलींच्या आया ऐकायला तयार नव्हत्या. पोट नसलं म्हणून काय झालं, पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायला हवं. सातवा लागला की कूस माहेरच्या गावी आणायची, असे अर्ज इतके आले की मुख्य केंद्राने हात टेकले आणि तालुक्यांच्या गावी माहेरकेंद्रं काढली. कराड माहेर असलेल्या शलाकाची कूसही अशीच पुण्याहून आली होती. रुग्णवाहिकेत शेजारी तिच्या आई, निर्मलाकाकू, बसल्या होत्या, आणि पेटीच्या मुठीला गजरा बांधलेला होता.

बाहेरून आलेल्या कुशीला एक जादा डिस्क जोडायची, असा नियम होता. दोन जुन्या डिस्क कुशीबरोबर यायच्या, तिसरी माहेरची; शलाकाच्या कुशीची तिसरी ती हीच. तिन्हींवर एकाच वेळी बाळाची नोंद व्हायची : ठोके, हालचाल, रक्तातले रस म्हणजे संप्रेरकं. तिन्ही ताडून बघायच्या आणि दोन जे म्हणतील ते खरं मानायचं. कूस जे काही करायची ते या मान्य झालेल्या नोंदीकडे बघून करायची. बाळाकडे थेट बघणारं तिथे कोणी नव्हतं.

केतकीने डिस्क काढली, पुसली, नव्याने खंड आखला. दुपारपर्यंत दुसरा खंड परत उगवला. तिने केबल बदलली, मग खाच बदलली. पृष्ठतपासणी लावली, तर एकही कप्पा खराब निघाला नाही. शेवटी कपाटातली दुसरी कोरी डिस्क आणली. दोन दिवसांत तिच्यावरही तेच झालं.

"दोन डिस्क एकसारख्या खराब कशा निघतील, सर?"

"एकाच दुकानातल्या असतील."

"एकाच दुकानातल्या असल्या तरी खराबी जागेवर असते. डिस्कवर एखादी जागा मेलेली असते. इथे जागा दर वेळी वेगळी आहे." तिने पडद्यावर बोट टेकवलं. "पण नीट बघितलं तर चुका पसरलेल्या नाहीत. घोळक्याने येतात. मधे सगळं छान, मग एकदम घोळका."

"पुण्याला विचार ना."

पुण्याला रेवती पेंढारकर होत्या. कुशीची नोंदप्रणाली त्यांनीच बांधली होती. पडद्यावर आल्या त्या जेवता जेवता.

"तुमची डिस्क साधी आहे का? अपेक्षालेखन घातलंय तिच्यात?"

"नाही, मॅडम. परवाना अजून आलेला नाही, म्हणून साधीच जोडली. येईल ते सगळं लिहून घेते."

"मग बरोबर. एका बाळाची सगळी नोंद ठेवायची तर एवढ्या डिस्क लागतील की इमारतीत माणसांना जागा उरणार नाही. म्हणून आम्ही काय करतो, पुढच्या क्षणी बाळ काय करेल याचा अंदाज आधी बांधतो. हजारो बाळांवरून शिकलेला अंदाज आहे तो. बाळाने तसंच केलं तर लिहायचं काय? काहीच नाही. थोडा फरक असेल तर तो संवेदकांचा गोंगाट, तो पुसायचा. अगदीच अफाट फरक असेल तर संवेदक बिघडलेला असतो, तिथेही अंदाजच भरायचा. या दोन्हींच्या मधला फरक फक्त लिहायचा."

"मधला म्हणजे किती?"

"ते प्रणाली स्वतः ठरवते. दर वर्षी नव्या नोंदींवरून शिकून अंदाज सुधारतो, तसा तो पट्टा बारीक होत जातो. तुमच्या डिस्कवर गोंगाटही उतरतोय, म्हणून ती अल्पमतात जाते. अल्पमतातलं लिखाण यंत्र वेगळ्या खंडात कुलूप लावून ठेवतं. तुम्ही मुद्दाम नाही केलं ते. ती डिस्क काढून टाका, परवाना पाठवते."

उत्तर पटण्यासारखं होतं. केतकीने फोन ठेवला आणि डिस्क काढायला हात घातला. मग तिने जरा वेळ हात तसाच ठेवला. गोंगाट घोळक्याने का येईल, हे बाईंनी सांगितलं नव्हतं.

तिने कुलूपबंद खंड उघडला आणि चुकांच्या वेळा एका रेषेवर मांडल्या. सुरुवातीला विरळ ठिपके होते. एखादी उचकी, एखादी कूस बदलल्यासारखी हालचाल. काल सकाळपासून घोळके सुरू झाले होते. पहिल्या दोन घोळक्यांत लांब अंतर, मग त्याहून कमी, मग त्याहून कमी. प्रत्येक घोळका आधीच्यापेक्षा दाट होता. प्रत्येकात बाळाच्या रक्तातला ताणाचा रस चढत होता, ठोका मंद होत होता, आणि घोळका सरला की सावरत होता.

केतकीला ते वाचावं लागलं नाही. वर्षभरापूर्वी ती स्वतः अशाच अंतरांकडे बघत भिंतीवरच्या घड्याळाखाली बसली होती. नवरा अंतर मोजत होता आणि ती त्याला मोजू नकोस म्हणत होती.

"सर," ती म्हणाली, "या कळा आहेत."

डॉक्टर हसले नाहीत. खुर्ची ओढून बसले आणि रेषा दोनदा बघितली. "कुशीला स्नायू नसतात, केतकी. कळा कुठून येणार?"

"आईच्या पोटातही सुरुवात कोण करतं?"

"बाळच इशारा देतं," ते सावकाश म्हणाले. "पण इथे उघडणीची तारीख अजून तीन आठवडे लांब आहे. जुन्या दोन्ही डिस्क म्हणतात बाळ शांत झोपलंय. तुझ्या डिस्कवर विश्वास ठेवून पेटी उघडली आणि तिचंच डोकं फिरलेलं असलं, तर कच्चं बाळ बाहेर काढल्याचं पाप माझ्या माथी. नाही उघडली आणि ती खरी असली तर..." ते रेषेच्या टोकाशी बघत राहिले. शेवटच्या घोळक्यानंतर ठोका सावरायला जास्त वेळ लागला होता. "दमतंय ते."

बाहेरच्या बाकावर शलाका मोबाइलवर बाळाची हालचाल बघत होती. जुन्या डिस्कवरून चित्र तयार होऊन तिच्याकडे यायचं. रोजचंच होतं ते. "अगं आई, बघ ना, अंगठा चोखतंय," तिचा आवाज आत आला. "तुझ्यावर गेलंय, तूही सारखी काहीतरी तोंडात टाकतेस," निर्मलाकाकू म्हणाल्या.

केतकीने ते ऐकलं, आणि तिच्या डोक्यात एक साधी तपासणी आली.

"शेजारच्या कुशीतलं पाटणच्या जोडप्याचं बाळ काही आठवड्यांनी लहान आहे ना? त्याची जुनी डिस्क आणि शलाकाच्या बाळाची त्याच वयातली नोंद, दोन्ही ताडून बघू या. दोन वेगवेगळी बाळं आहेत. फरक निघायलाच हवा."

ताडायला चहा निवण्याएवढा वेळ लागला. फरक निघाला शून्य. तीच उचकी, त्याच क्षणी. तोच अंगठा, तेवढाच वेळ.

रेवती पेंढारकरांना परत बोलावलं तेव्हा त्या आधी म्हणाल्या, असं होऊच शकत नाही. मग केतकीने निकाल पाठवला.

"मॅडम, दर वर्षी प्रणाली नव्या नोंदींवरून शिकते म्हणालात. त्या नोंदी कुठल्या?"

"कुशींच्याच."

"म्हणजे पुसून झालेल्या."

पलीकडे चमचा ताटात ठेवल्याचा आवाज आला. "पहिल्या वर्षी थोडं पुसलं," त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, "दुसऱ्या वर्षी त्या पुसलेल्यावरून शिकली, म्हणून फरक अजूनच कमी दिसले. पट्टा बारीक होत गेला. आता त्याला रुंदीच उरली नसेल. सात वर्षांत एकही मूल तारखेच्या आधी आलं नाही, याचा आम्ही सत्कार करून घेतला हो." मग त्यांचा आवाज बदलला. "डॉक्टर, जुन्या दोन्ही डिस्क काढा. बहुमत मोडा. साधी एकटीच राहू द्या."

डॉक्टरांनी शलाकाला आत बोलावलं आणि जे होतं ते सांगितलं. आडवळण घेतलं नाही. तिने मोबाइल पालथा ठेवला.

"म्हणजे हे इतके महिने मी कोणाला बघत होते?"

निर्मलाकाकूंनी तिचा खांदा धरला आणि डॉक्टरांना म्हणाल्या, "माझी नात, नातू, जे असेल ते बोलावतंय ना? मग दार उघडायला एवढी चर्चा कशाला?"

केतकीने दोन्ही जुन्या डिस्कच्या कुशीला हुकूम देणाऱ्या तारा सोडवून बाजूच्या टेबलावरच्या तपासणी यंत्राला लावल्या; संवेदकांची तार तेवढी तशीच ठेवली, नोंद तुटू नये म्हणून. कुशीपुढे आता एकच डिस्क उरली. कुलूपबंद खंड आपोआप उघडला, लाल अक्षरं गेली, कारण आता त्या डिस्कला खोटं ठरवणारं कोणी नव्हतं. कुशीला कळ पहिल्यांदा कळली. तिने बाळंतपण थोपवून धरणारा रस थांबवला आणि गर्भजल उतरवायला घेतलं. पुढचं काम डॉक्टरांच्या हातांनी केलं. मुलगी होती. जरा निळसर होती, पण अंगाने भरलेली, कच्ची मुळीच नव्हती. दोनदा पाठ चोळल्यावर तिने असा सूर लावला की निर्मलाकाकू म्हणाल्या, "रागावलीय. बरोबर आहे तिचं."

शलाकाने तिला छातीशी घेतलं आणि बराच वेळ नुसती बघत राहिली. तोंडओळख नव्हती, पहिल्यापासून सुरुवात होती. पोरीने अंगठा चोखला नाही. मूठ नाकावर दाबून धरली आणि तशीच झोपली.

केतकी टेबल आवरायला वळली. तपासणी यंत्राचा पडदा चालूच होता. दोन्ही जुन्या डिस्क अजून लिहीत होत्या. तारेच्या पलीकडे कूस रिकामी होती, संवेदकांना काहीही लागत नव्हतं. एवढा अफाट फरक म्हणजे संवेदक बिघडलेले असणार, असं ठरवून प्रणालीने अंदाज भरला होता. बाळाची प्रकृती उत्तम. बाळाने आत्ताच कूस बदलली. दोन्ही डिस्कचं याबाबत एकमत होतं.

तिने डॉक्टरांना बोलावलं आणि बोटाने दाखवलं. त्यांनी वाचलं. दोघांची नजर एकाच वेळी शेजारच्या कुशीकडे गेली. ती इथलीच, पाटणच्या जोडप्याची. बाहेरून आलेली नव्हती, म्हणून तिला तिसरी डिस्क नव्हती. तिच्या पडद्यावरही लिहिलं होतं : प्रकृती उत्तम, बाळ झोपलं आहे.

"त्या दोघांना फोन..." डॉक्टरांनी सुरुवात केली.

"आधी बघू या, सर."

बाहेरचं कवच उघडायला मनाई होती. केतकीने त्याच्या चारही खिट्ट्या उघडल्या. आतली भिंत मऊ होती, कोमट होती, नुकतंच दूध पिऊन झालेल्या बाळाच्या पोटासारखी. तिने तिच्यावर तळहात ठेवला. काही लागलं नाही. तिने हात जरा खाली सरकवला आणि घरी आपल्या पोराला उठवताना करते तशी बोटांनी हलकेच टिचकी मारली. मग थांबली. मग पुन्हा मारली.

पडदा म्हणत होता, बाळ झोपलं आहे.

तिच्या तळहाताखाली काहीतरी टोकदार, बहुधा टाच, भिंतीवर आलं, थोडं सरकलं आणि तिथेच टेकून राहिलं. केतकीने हात काढला नाही. दुसऱ्या हाताने तिने डॉक्टरांना कपाट दाखवलं.

"आणखी एक साधी डिस्क असेल त्यात," ती म्हणाली. "तेवढी काढून द्या."